‘हँग झालं’च्या पुढचं इंग्रजी

बडोद्यात कॉम्प्युटरला काहीही होवो, तो ‘हँग’च होतो. स्क्रीन गोठली, हँग. प्रोग्राम चालता चालता बंद पडला, हँग. नेट हळू चालतंय, तरी हँग. बँकेचा सर्व्हर तिकडे मुंबईत बसलाय आणि इकडे आपला फोन हँग! घरात, दुकानात हे खपून जातं, कारण ज्याला सांगतो तो उठून येतो आणि स्वतः बघतो. पंचाईत होते ती फोनवर किंवा ईमेलवर इंग्रजीत सांगताना. पलीकडचा माणूस पुण्यात, बंगळुरूत किंवा थेट अमेरिकेत बसलेला असतो. त्याला आपली स्क्रीन दिसत नाही. दिसतात ते फक्त आपले शब्द.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टचं काम करते, म्हणजे दिवसभर अशी गाऱ्हाणी वाचते. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली ओळखीची मुलं इंटरव्ह्यूआधी विचारायला येतात, ‘ताई, कॉम्प्युटरचं ॲडव्हान्स्ड इंग्लिश कसं करायचं?’ त्यांच्या वहीत नामांची यादी असते : प्रोसेसर, डेटाबेस, फायरवॉल. ही नामं सगळ्यांनाच येतात. वरच्या पायरीचं इंग्रजी असतं ते क्रियापदांत आणि विशेषणांत. नेमकं काय झालं, कधी होतं, किती जणांना होतं, त्यावर तात्पुरता उपाय आहे का, हे सांगणारे शब्द म्हणजे खरी व्होकॅब्युलरी.

मराठी प्रतिशब्द मी देत बसणार नाही. तो उद्योग आपल्या गावात थोरांनी करून झालाय. १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन काढलं, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता की तंत्रशिक्षण मातृभाषेतून द्यायचं. पुढे १९३१ साली राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना मराठी-गुजरातीसह अनेक भाषांतले पर्याय देणारा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू बडोदे सरकारने छापला. मला त्या परंपरेचा अभिमान आहे. पण सोमवारी सकाळी बिल निघत नसताना कल्पतरू उघडायला कुणाला वेळ आहे? तेव्हा शब्द इंग्रजीच ठेवू आणि अर्थ मराठीत नीट लावून घेऊ.

आधी ‘हँग’चीच फोड करू. प्रोग्राम पडद्यावर दिसतोय, पण माउस, कीबोर्ड कशालाच दाद देत नाही, तर तो ‘फ्रीझ’ झाला किंवा ‘अनरिस्पॉन्सिव्ह’ आहे. खरा ‘हँग’ही हाच. त्याचा भूतकाळ ‘हंग’ होतो. ‘द सिस्टिम हँग्ड’ असं लिहू नका, कारण ‘हँग्ड’ हे रूप माणसाला फाशी दिली असं सांगताना वापरतात. प्रोग्राम धाडकन बंद होऊन नाहीसा झाला तर तो ‘क्रॅश’. काम होतंय, पण क्लिक केल्यावर दोन-तीन सेकंदांनी, तर तो ‘लॅग’. क्षणभर काहीतरी विचित्र दिसलं आणि आपोआप सुरळीत झालं, तर ‘ग्लिच’. आणि एकट्या तुमच्याकडे नाही, सगळ्यांकडेच सेवा बंद आहे, तर तो ‘आउटेज’. आउटेज जितका वेळ टिकला तितका ‘डाउनटाइम’.

‘बग’ या सगळ्यांहून वेगळा. बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. फ्रीझ, क्रॅश ही लक्षणं, बग हे त्यांचं एक संभाव्य कारण. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात खरोखरचा पतंगा सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट सगळेच सांगतात. ती खरीही आहे. फक्त शब्द तिथे जन्मला नाही. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणणं एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही सापडतं.

आता एक प्रत्यक्ष तक्रार बघू. मांडवीत कापडाचं दुकान, दोन काउंटर, दोन्हीकडे बिलिंग. मालकांचा मुलगा लिहितो : ‘सॉफ्टवेअर नॉट वर्किंग सिन्स मॉर्निंग. प्लीज डू द नीडफुल.’ यावरून मला काय कळलं? सकाळ झाली एवढंच. मग मी पाच प्रश्न पाठवते, तो दुपारी जेवून उत्तर देतो, संध्याकाळी आमचा इंजिनिअर घरी निघतो. दिवस गेला.

हीच तक्रार अशी आली असती तर : ‘द बिलिंग स्क्रीन फ्रीझेस इंटरमिटंटली व्हेन बोथ काउंटर्स सेव्ह ॲट द सेम टाइम. आय कॅन रीप्रोड्यूस इट. रीस्टार्टिंग द ॲप इज अ टेम्पररी वर्कअराउंड.’

यातला एकेक शब्द बघा. ‘फ्रीझेस’ म्हटल्याबरोबर क्रॅश आणि आउटेज बाद झाले. ‘इंटरमिटंटली’ म्हणजे अधूनमधून, नेम नाही. या क्रियाविशेषणाची किंमत फार मोठी आहे, कारण कायम होणारा बिघाड आणि मधूनच होणारा बिघाड यांचा शोध अगदी वेगळ्या वाटांनी घेतात. ‘रीप्रोड्यूस’ म्हणजे तो बिघाड मी मुद्दाम पुन्हा घडवून दाखवू शकतो. सपोर्टवाल्याच्या कानाला याहून गोड शब्द नाही. आणि ‘वर्कअराउंड’ म्हणजे दोष दुरुस्त न करता त्याला वळसा घालून काम चालू ठेवण्याची युक्ती. वर्कअराउंड आहे म्हटल्यावर दुकान बंद नाही, हे आम्हाला कळतं. दुरुस्त करणं म्हणजे ‘फिक्स’. वर्कअराउंडला फिक्स म्हणून खपवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यापासून सावध राहा.

शिवाय ‘दोन्ही काउंटर एकाच वेळी’ एवढ्यावरून इंजिनिअरला संशय येतो ‘डेडलॉक’चा. पहिल्या काउंटरने स्टॉकचा तक्ता अडवून धरलाय आणि त्याला बिलांचा तक्ता हवाय. दुसऱ्याने बिलांचा अडवलाय आणि त्याला स्टॉकचा हवाय. दोघेही एकमेकांची वाट बघत बसले, सोडायला कुणीच तयार नाही. बिघाड सापडेपर्यंतची ही सगळी खटपट म्हणजे ‘ट्रबलशूटिंग’, आणि शेवटी जे मूळ सापडतं ते ‘रूट कॉज’.

वेगाच्या बाबतीत तर आपण ‘स्पीड’ या एकाच शब्दावर गुजराण करतो. इंग्रजीत निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘बँडविड्थ’ म्हणजे जोडणीतून एका सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते. ‘थ्रूपुट’ म्हणजे प्रत्यक्षात किती गेली. ‘लेटन्सी’ म्हणजे पाठवल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागला. बँडविड्थ आणि लेटन्सीची सरमिसळ भल्याभल्यांकडून होते, म्हणून जरा गंमत करू. एक टेराबाइटची हार्ड डिस्क खिशात घालून बडोद्याहून एक्स्प्रेस वेने अहमदाबादला निघा. दारापासून दारापर्यंत दोन तास धरा. एक टेराबाइट म्हणजे ऐंशी लाख मेगाबिट, दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद. भागाकार करा : सेकंदाला १,१०० मेगाबिटांहून जास्त! घरच्या ब्रॉडबँडला लाजवेल असा थ्रूपुट. पण लेटन्सी? दोन तास. या ‘जोडणी’वरून व्हिडिओ कॉल करायचा तर ‘हॅलो’ला उत्तर चार तासांनी येईल.

म्हणून कॉलवर आवाज उशिरा येत असेल तर जास्त एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला जास्त मेगाबिटांचा, प्लॅन घेऊन फरक पडेलच असं नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं न्यूयॉर्क इथून बारा हजार किलोमीटरहून लांब आहे. जाऊन-येऊन किमान १२० मिलिसेकंद लागणारच. ती लेटन्सी पैसे टाकून कमी करता येत नाही. कॉलमध्ये आवाज मध्येच लवकर, मध्येच उशिरा येऊन तुटत असेल तर त्या अनियमितपणाला ‘जिटर’ म्हणतात.

आणि एमबीपीएसवरून आठवलं. त्यातला बी हा बिटचा आहे, बाइटचा नाही. आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल उतरताना सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट दिसतील. यावरून भांडायला जाल तर हराल. ‘अप टू’ या जाहिरातीतल्या दोन शब्दांवरून मात्र जरूर भांडा.

गर्दीने होणारा उशीर पुन्हा वेगळा. सकाळी दहाला एसीचं आणि अकराला नॉन-एसीचं तत्काळ बुकिंग उघडतं, तेव्हा साइटवर जे होतं ते सगळ्यांनी भोगलंय. एकाच वेळी आत असलेले वापरणारे ते ‘कॉन्करंट युजर्स’, अचानक चढलेला भार तो ‘स्पाइक’, आणि ज्या एका टप्प्यापाशी सगळं तुंबतं तो ‘बॉटलनेक’. भार वाढला की सोबत वाढू शकणारी व्यवस्था ‘स्केलेबल’. हा शब्द मुलं इंटरव्ह्यूत ‘मोठं’ किंवा ‘चांगलं’ या अर्थाने फेकतात. मग समोरचा विचारतो, ‘हाउ वुड यू स्केल इट?’ आणि खोलीत शांतता पसरते.

बदलांच्या शब्दांसाठी १९ जुलै २०२४ हा दिवस पुरेसा आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजवर चालणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक अपडेट ‘रोल आउट’ केला, म्हणजे ग्राहकांकडे पाठवायला सुरुवात केली. भारतात तेव्हा सकाळचे पावणेदहा वाजायचे होते. अपडेट ‘फॉल्टी’, म्हणजे सदोष होता. कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून पडू लागले, चालू होताना पुन्हा पडले, पुन्हा चालू, पुन्हा पडले. या चक्राला ‘बूट लूप’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटरांना फटका बसला. विमानतळांवर रांगा लागल्या, आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट ‘रोल बॅक’ केला, म्हणजे आधीची स्थिती परत आणली. मग गोंधळ इतका लांबला का? कारण रोलबॅक पोचायला कॉम्प्युटर चालू आणि नेटवर हवा, आणि बहुतेक पडलेले कॉम्प्युटर तर उभेच राहत नव्हते. तिथे माणसाने जाऊन, ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर, मशीन सुरू करून, अपडेटची ती सदोष फाइल हाताने पुसायची. हजारो मशिन असलेल्या कंपनीत हे काम किती दिवस चालेल, विचार करा. तेव्हापासून ‘फेज्ड रोलआउट’ हा शब्द व्यवस्थापकांच्याही तोंडी आला : आधी थोड्यांना द्या, बघा, मग बाकीच्यांना.

‘पॅच’ हाही अपडेटच, पण एखादं भोक बुजवण्यापुरता. सुरक्षेतल्या भोकाला ‘व्हल्नरेबिलिटी’ म्हणतात, आणि त्या भोकातून आत शिरण्याच्या तयार हत्याराला ‘एक्सप्लॉइट’. वॉनाक्राय हे ‘रॅन्समवेअर’ १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलं. फाइली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, हे रॅन्समवेअरचं काम. ज्या व्हल्नरेबिलिटीतून ते पसरत होतं तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. लोकांनी तो लावलाच नव्हता. अशा मशिनींना ‘अनपॅच्ड’ म्हणतात. पॅच निघायच्या आतच हल्ला आला तर तो ‘झीरो-डे’, कारण बनवणाऱ्याला दुरुस्तीसाठी शून्य दिवस मिळाले. वॉनाक्रायला झीरो-डे म्हणणारा माणूस तारखा विसरलेला असतो.

सुरक्षेतली आणखी एक जोडी इंटरव्ह्यूत हमखास विचारतात : ‘ऑथेंटिकेशन’ आणि ‘ऑथरायझेशन’. पहिलं म्हणजे तुम्ही कोण आहात याची खात्री, दुसरं म्हणजे तुम्हाला काय करायची मुभा आहे ते. हिशेब बघणाऱ्या भाच्याला तुम्ही दुकानाच्या खात्याचं फक्त बघण्यापुरतं लॉगइन दिलंत. त्याने पासवर्ड आणि ओटीपी टाकला, ऑथेंटिकेशन झालं. पैसे पाठवायला गेला, बँकेने अडवलं. तो ऑथराइज्ड नाही. ओटीपी बरोबर असूनही व्यवहार का होत नाही म्हणून तो बँकेत चिडून फोन करेल, तेव्हा त्याला हा फरक सांगा.

म्हाताऱ्या सॉफ्टवेअरला काय म्हणायचं, याचेही थर आहेत. ‘लेगसी’ म्हणजे जुनं, पण कामाचं, आणि काढायला गेलं तर दहा गोष्टी ढासळतील असं. ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे अजून चालतं, पण बनवणाऱ्यांनी सांगून टाकलंय की नव्याने वापरू नका, पुढे काढणार आहोत. ‘एंड ऑफ लाइफ’ म्हणजे दुरुस्ती, पॅच, सगळं बंद. ‘ऑब्सोलीट’ म्हणजे कालबाह्य. वेबसाइटवरचे व्हिडिओ, गेम चालवणाऱ्या अडोबीच्या फ्लॅशवर हा प्रवास नीट दिसतो. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालं की फ्लॅश बंद करणार, ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमध्ये मजकूर चालेनासाच झाला. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी ती मशिनं त्या दिवशी बंद पडली नाहीत. एंड ऑफ लाइफ आणि क्रॅश यांत हा फरक आहे. कॉमर्सवाल्यांनी एक सांभाळा : ‘डेप्रिकेटेड’ वेगळं आणि घसाऱ्याचं ‘डिप्रिशिएटेड’ वेगळं. प्रिंटर डिप्रिशिएट होतो, त्याचं सॉफ्टवेअर डेप्रिकेट होतं.

एकमेकांशी जुळण्याच्या शब्दांत मला सगळ्यांत आवडतो तो ‘इंटरऑपरेबल’. खंडेराव मार्केटात भाजीवाल्या मावशींचा क्यूआर एका कंपनीचा, तुमच्या फोनमधलं ॲप दुसऱ्याचं, तुमची बँक तिसरी, त्यांची चौथी, आणि तरी वीस रुपये जातात. २०१६ साली आलेल्या यूपीआयचं मोठेपण या एका विशेषणात आहे. त्याच्या उलट वॉलेटचे सुरुवातीचे दिवस आठवा, ज्याचं वॉलेट त्यालाच पैसे. त्याला म्हणतात ‘क्लोज्ड’. एका कंपनीच्या मालकीचं, दुसऱ्या कुणाला तिच्या परवानगीशिवाय बनवता न येणारं ते ‘प्रोप्रायटरी’. ॲपलचं लायटनिंग चार्जर-पिन २०१२ ला आलं ते प्रोप्रायटरी, २०२३ च्या आयफोन १५ पासून तिथे यूएसबी-सी आलं, ते ‘स्टँडर्ड’. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना यूएसबी-सी सक्तीचंच केलं. आणि नव्या मशिनला जुनी वस्तू लावली तरी चालते, तेव्हा नवं मशिन ‘बॅकवर्ड कंपॅटिबल’. एकाच कंपनीच्या वस्तूंत असे अडकलात की बाहेर पडणं परवडत नाही, तर तो ‘व्हेंडर लॉक-इन’.

‘सीमलेस’, ‘कटिंग-एज’, ‘स्टेट ऑफ द आर्ट’, ‘रोबस्ट’ हे शब्द जाहिरातींनी चावून चोथा केलेत. त्यातला ‘रोबस्ट’ तेवढा वाचवण्यासारखा आहे : चुकीची माहिती भरली, वीज गेली, नेट तुटलं, तरी न कोसळणारं. ‘कटिंग-एज’च्या पुढचा ‘ब्लीडिंग-एज’ म्हणजे इतकं नवं की वापरणाऱ्यालाच जखम व्हायची. दुकानाच्या बिलिंगला असलं काही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिलं व्याकरण. इंग्रजीत ‘सॉफ्टवेअर’ आणि ‘हार्डवेअर’ मोजता येत नाहीत. ‘सॉफ्टवेअर्स’ नाही, ‘प्रोग्राम्स’ म्हणा किंवा ‘पीसेस ऑफ सॉफ्टवेअर’. ‘अपडेशन’ हा आपल्या देशाबाहेर फारसा कुणाला माहीत नसलेला शब्द, ‘अपडेट’ पुरतो. ‘लॉगइन’, ‘बॅकअप’, ‘सेटअप’ एकत्र लिहिले तर नाम, ‘लॉग इन’, ‘बॅक अप’, ‘सेट अप’ तोडून लिहिले तर क्रियापद. म्हणून भूतकाळ ‘लॉग्ड इन’ होतो, ‘लॉगिन्ड’ नव्हे. ‘ऑन द कॉम्प्युटर’ हे तर सरळ आपल्या ‘ऑन कर’वरून आलंय, तिथे ‘टर्न ऑन’ किंवा ‘स्विच ऑन’ हवं.

उच्चारांत दोन जागी मुलं अडखळतात. वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवायची जागा म्हणजे ‘कॅश’. साइट बदलली तरी तुम्हाला जुनीच दिसते ती ह्या कॅशमुळे, आणि म्हणून सपोर्टवाले ‘क्लिअर द कॅश’ म्हणतात. उच्चार थेट रोख पैशासारखा, ‘कॅशे’ नाही. ‘आर्काइव्ह’मध्ये च नाही, क आहे. ‘डेटा’ म्हणायचं की ‘डाटा’, हेही सारखं विचारतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतच दोन्ही चालतात, तेव्हा त्या भानगडीत पडू नका, घरी जे म्हणता तेच म्हणा.